चिठ्ठीवरचा बाप

खालच्या पानांपासून सुरुवात झाली. सोमवारी काकूनं वाकून एक पान उलटं केलं तेव्हा त्याच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके होते. गुरुवारी ती त्याच ओळीतून चालत गेली आणि बांधावर येऊन बघते तर दोन्ही पोटऱ्या विटकरी झालेल्या, जणू कुणी विटा कुटून अंगावर उधळल्या होत्या.

"तांबेरा," सून म्हणाली.

"हो बाई. तांबेराच."

"पण आई, आपला बावीस नंबर आहे. बावीसला तांबेरा लागत नाही म्हणून तर पेरला ना?"

काकूनं पानावरून बोट ओढलं, बोटाचं टोक बघितलं आणि ते दंडाला पुसलं. सोयाबीनच्या शेंगा आत्ताशी धरत होत्या. चपट्या, आत दाणा म्हणून नुसती लस. पानं गळाली की त्या तशाच राहणार होत्या.

बांधापलीकडे दुसऱ्याचं शेत, त्यापलीकडे तिसऱ्याचं, थेट ओढ्यापर्यंत बावीसच. एका उंचीचा, एकाच दिवशी फुलणारा, कंगव्यानं विंचरल्यासारखा. कित्येक वर्षांत तांबेरा या बाजूला फिरकला नव्हता, म्हणून बावीसची परीक्षा कधी झालीच नव्हती. चिठ्ठीवर लिहिलं होतं त्यावर सगळ्यांचा भरवसा. आता सगळं शिवार एकाच दिवशी अंथरूण धरलेल्या घरासारखं पडलं होतं.

आणि ती चिठ्ठी काकूच्या हातची होती.

गावाबाहेर सोयाबीनचे नवे वाण काढणारं केंद्र होतं. तिथं काकू सव्वीस वर्षं संकराचं काम करत होती. काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं, आणि भारी आतल्या गाठीचं. उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःचं स्वतःशी लग्न लावून मोकळं होतं. म्हणून त्याला कळीतच गाठायचं. हिरव्या वेष्टनातून जांभळी रेघ नुसती डोकावत असते तेव्हा चिमट्यानं वेष्टन सोलायचं, पाकळ्या एका ओढीत काढायच्या, आतले दहा केसर एकेक करून खुडायचे आणि मधल्या केसाएवढ्या कोंबाला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या जातीच्या उमललेल्या फुलातला पराग त्या कोंबाला लावायचा. शेवटी देठाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. वर आईचं नाव, खाली बापाचं, त्याखाली तारीख.

चिमटा हातात घेऊनच जन्मली म्हणून सगळे तिला चिमटाकाकू म्हणत. सकाळच्या दवात ओळीत बसली की ती कळ्यांशी बोलायची, आणि बोलता बोलता त्याचं गाणं व्हायचं:

कळी गं माझी कळी, मुठीत काय दडवलं
मायला न सांगता, कुणाशी नातं जडवलं

तिचा नवरा त्याच केंद्रावर मुकादम. चिठ्ठ्या लिहून आणायचा तो, दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला जुडगा अडकवायचा तो, आणि दुपारी काम संपलं की उरलेला जुडगा काढून घेऊन आकडा सांगायचाही तोच. काकू मोजत नसे. मोजायला लागलं की हात चुकतो, असं तिचं म्हणणं. तो म्हणायचा, "आज एकसष्ट," आणि ती तहान लागलेल्या माणसानं पाणी प्यावं तसा तो आकडा पिऊन घराकडे निघायची. दिवसाला साठ हा नियम होता. ज्या बाईचे साठ भरत नसत तिला चिमटा ठेवून खुरपणीच्या टोळीत जावं लागे.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांवर साय धरायला लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही. सात हंगाम ती नाक झाडाला टेकवून, बोटांनी चाचपून फुलं करत राहिली. आकडा कधी साठाखाली आला नाही. चार वर्षांपूर्वी धडपडून पाटात पडली तेव्हा कुठं दवाखाना झाला, डोळे कापून साय काढली आणि सगळ्यांना कळलं. त्या वर्षीच्या कार्यक्रमात केंद्राच्या मोठ्या साहेबांनी तिला मंचावर बोलावलं. ज्या बावीस नंबरचं त्या दिवशी कौतुक चाललं होतं, त्याचा संकर तिच्या साय धरलेल्या पहिल्याच हंगामातला. नऊ नंबर ही आई. बाप दूरच्या डोंगरावरून आणलेला डोंगरी, पीक कमी पण तांबेरा ज्याला शिवत नाही असा. साहेब म्हणाले, "यांचे डोळे बघत नव्हते, पण हात बघत होते."

ते वाक्य तिनं जन्मभराचं लेणं करून घेतलं. सुनेला काम शिकवताना ती तेच सांगायची. डोळ्यांवर विसंबू नको गं, हाताला बघायला शिकव.

*

केंद्रावर सहा महिन्यांपूर्वी एक नव्या मॅडम आल्या होत्या. वयानं काकूच्या सुनेएवढ्या. तांबेरा पसरला तशा त्या केंद्राच्या पाट्यापाट्यातून, रानाच्या एकेका तुकड्यातून हिंडायला लागल्या. हातात कागदाला भोक पाडायचं यंत्र, त्यानं पानाची टिकली पाडायच्या आणि टिकली बारक्या नळीत टाकायच्या. नळ्यांचा ट्रे धरायला काकू.

"हे कशाला हो मॅडम?"

"प्रत्येक झाडाच्या आत एक वही असते, काकू. फक्त चार अक्षरांत लिहिलेली."

"चारच? मग आमच्यासारख्यांची सोय झाली."

"चारच, पण अक्षरं शंभर कोटी." मॅडम हसल्या. "निम्मी वही आईची, निम्मी बापाची. शहरातलं मशीन ती अक्षर न् अक्षर वाचतं."

"म्हणजे कोण कुणाचं ते कळतं?"

"लगेच."

"ते मशीन गावात आणू नका. घरोघर भांडी आपटतील."

बाजूला उभा असलेला केंद्राचा ट्रॅक्टरवाला खो खो हसला. मॅडमही हसल्या, मग ओढ्यापर्यंतच्या तपकिरी शेतांकडे वळल्या. "बघा ना काकू. एकच वही छापून सगळ्यांना वाटली. एका प्रश्नाला सगळे नापास. वेगवेगळ्या वह्या असत्या तर चार जण तरी पास झाले असते."

"पण बावीसात डोंगरीची वही आहे की."

"तेच बघायचंय."

बावीसच्याच नाही, साय धरलेल्या सात हंगामांतल्या जुन्या संकरांतल्याही काही टिकल्या गेल्या. थंड खोलीत काकूच्या त्या हंगामांतल्या निवडक संकरांचं बी पाकिटांत जपलेलं होतं, आत त्याची त्याची चिठ्ठी, दोऱ्यासकट आणि वाळल्या देठासकट. चारशेबारा पाकिटं. मॅडमनी त्यातली चाळीस निवडली, चार-चार दाणे उगवून घेतले आणि कोवळ्या पानांच्या टिकल्या पाठवल्या.

*

उत्तर यायला महिना लागला. तोवर शिवाराची पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बियाण्याच्या शेडमध्ये बोलावलं. ते उभेच होते, हातात कागद. काकू पुढे, सून तिच्या मागे, मुकादम भिंतीला टेकून.

"बावीसात डोंगरी नाही," साहेब म्हणाले. "थेंबभर नाही. बावीस म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जुना नऊ नंबरच. आपण चार वर्षं नऊ नंबरलाच नवं नाव देऊन गावाला वाटत होतो."

त्यांनी कागद उलटला.

"पहिल्या वर्षापासून सगळी झाडं एकसारखी आली म्हणून आम्ही खूश झालो. एकसारखी येणारच! बाप आलाच नाही तर फरक पडणार कुठून? आईबाप दोघांची फुलं जांभळी, लव तपकिरी, डोळ्यांना कळायला मार्ग नाही." त्यांनी कागद दुमडला. "चाळीस पाकिटं तपासली. तेवीसांना बाप नाही. फुलं साफ न करताच चिठ्ठ्या बांधल्यात, बाई, तुम्ही."

"मी?" काकू म्हणाली.

"चिठ्ठ्या कुणाच्या?"

"माझ्याच. पण साहेब, मी एक फूल कधी..."

"हात बघत होते म्हणे," साहेब कुणाकडेच न बघता म्हणाले.

काकूनं भिंतीकडे बघितलं. मुकादम टोपी काढून तिची शिवण तपासत होता. तो आता बोलेल, आता म्हणेल की सव्वीस वर्षं मी या बाईमागे उभा आहे, असं तिला वाटलं. त्याला शिवणीत काहीतरी सापडलं होतं. तो तेच बघत राहिला.

साहेबांनी निकाल दिला. सात हंगामांची चारशेबारा पाकिटं या आठवड्यात फेकायची. अर्धी खरी असतील, पण कुठली खरी यावर कोण विश्वास ठेवणार, आणि सगळी मशीनला द्यायला केंद्र काय राजाचं आहे? नवे संकर दुसऱ्या केंद्रावरून माणसं आणून करायचे. चिमटाकाकूनं उद्यापासून खुरपणीला जायचं.

बाहेर ट्रॅक्टरवाला चाकावर बसला होता. "काय काकू, पोरांचा बाप हरवला म्हणे. चौकीत वर्दी दिली का?"

एरवी तिनं त्याला सोललं असतं. आज ती खाली बघून पुढे गेली. सून मात्र थांबली. "तुमच्या ट्रॅक्टरचा ब्रेक हरवला होता तेव्हा कुठल्या चौकीत गेला होतात?" म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मॅडमनी काकूला खुरपणीतून बोलावून घेतलं. थंड खोलीच्या बाहेरच्या टेबलावर तपासलेली चाळीस पाकिटं उघडून ठेवली होती. पाकिटापुढे चिठ्ठी, चिठ्ठीला अकरा वर्षं, नऊ वर्षं, सात वर्षं जुना दोरा.

"मला साहेबांसारखं वाटत नाही काकू," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही या हंगामात केलेली फुलं मी भिंगाखाली बघितलीत. असा हात खोटं करत नाही. काहीतरी आठवतं का, एवढंच बघा."

काकूनं चिखलाचे हात पुसले. अक्षर वाचण्यात अर्थ नव्हता, सगळ्यांवर मुकादमाचंच अक्षर. तिनं एक चिठ्ठी उचलली. दोरा बोटात आला आणि तिला वाटलं, डोळे मिटावेत. साय असताना असंच तर होतं सगळं.

काम करताना तिचा उजवा हात चिमट्यात अडकलेला. चिठ्ठी बांधायची ती डाव्या हाताच्या तीन बोटांनी: एक फास, आणि दोऱ्याचं टोक दातात धरून ओढायचं. त्यामुळे तिची गाठ एकेरी, सैलसर, आणि एक शेपूट लांब. ही चिठ्ठी तशी होती. दुसरी तशी. तिसरी बोटात आली आणि बोट थांबलं.

इथं दोन गाठी होत्या. एकावर एक, दोन्ही हातांनी करकचून आवळलेल्या, आणि उरलेलं शेपूट पुन्हा देठाभोवती फिरवून आत खोचलेलं.

ही गाठ तिच्या ओळखीची होती. पोत्याच्या तोंडाला हीच, डब्याच्या फडक्याला हीच, दवाखान्यात जाताना कपड्यांच्या बोचक्याला हीच. तीस वर्षं ती नखं मोडून, दात लावून ही गाठ सोडवत आली होती. किती वेळा म्हणाली होती, "अहो, चोर का येणार आहेत फडकं चोरायला?"

तिनं चौथी उचलली, पाचवी उचलली. डोळे मिटलेलेच. डावीकडे एक ढीग झाला, उजवीकडे एक. चाळीस संपल्या तेव्हा हात मांडीवर ठेवून बसली.

मॅडमनी कागद काढून ताडून बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. "डावीकडच्या वीस. वीसच्या वीस बिनबापाच्या." "उजवीकडच्या वीसांत तीनच चुकलेल्या. तीन कुणाच्याही हातून जातात. तुम्ही मशीनसारखं वेगळं केलंत, काकू! या डावीकडच्या गाठी कुणाच्या?"

काकूनं डावीकडचा ढीग नीट जुळवून ठेवला.

"उद्या सांगते," म्हणाली. "उद्यापर्यंत पाकिटं फेकू देऊ नका, एवढं करा."

*

मुकादम अंगणात चाळणीची फाटलेली जाळी कडेला शिवत बसला होता. ती समोर उभी राहिली तरी त्यानं वर बघितलं नाही.

"किती व्हायची माझी?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"फुलं. साय होती तेव्हा. मी किती करायची दिवसाला?"

सुई जाळीतून आरपार गेली आणि तिथंच राहिली.

"अहो, विचारतेय मी."

"तीस," तो म्हणाला. "कधी पस्तीस. शेवटच्या वर्षी वीसबावीस."

आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. सून ऐकत होती. ऐकू दे, काकूला वाटलं.

"आणि बाकीच्या चिठ्ठ्या?"

"दुपारी पाणी फिरवायला जायचो तेव्हा बांधायचो. फुलं धरलेलीच असायची झाडावर." त्यानं आता वर बघितलं. "तुला खुरपणीला धाडलं असतं गं त्यांनी. चिमटा काढून घेतला असता तर तू जगली असतीस का? रात्री झोपेत बोटं हलायची तुझी. मी काय चोरी केली? माझ्या घरात काय आणलं मी?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बसली असतीस फुलापाशी?"

ती खाली बसली. उंबऱ्याजवळच, जिथं होती तिथं. एकसष्ट, साठ, त्रेसष्ट. सात वर्षांचे सगळे आकडे तिच्यापुढे आले. ज्या दुपारी तो त्रेसष्ट म्हणाला होता त्या दुपारी ती सगळी वाट गाणं म्हणत आली होती.

"मंचावर बोलावलं तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होतात," ती म्हणाली. "टाळ्या वाजवत होतात."

"मग काय करू? रडू?"

"गावानं बावीस पेरला. आपण पेरला. बी पेरताना तरी..."

"मला काय माहीत त्यातलं नेमकं माझंच निवडतील! चारशेतलं एक निवडतात, मला वाटायचं बाकीचं जातं कचऱ्यात. माझी अक्कल तेवढीच." त्यानं चाळणी बाजूला ठेवली आणि सरकत तिच्याजवळ आला. आवाज खाली आणला. "आता ऐक माझं. साहेबांपुढं जा आणि डोळ्यांचं सांग. म्हण, दिसत नव्हतं, चुकून साफ न करता बांधल्या. डोळ्यांना कोण बोल लावतं? कीव करतील आणि विसरतील. माझं निघालं तर लबाडी म्हणतील. तुझी नुसती चूक होईल."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. चिठ्ठ्या बांधल्या ते ऐकताना छातीत कळ आली होती, पण तिच्यात कुठेतरी ऊबही होती. हा माणूस सात वर्षं उन्हात माझ्यासाठी वाकला. डोळ्यांचं सांग, हे ऐकल्यावर ती ऊब विझली. केसानं गळा कापतात म्हणजे काय, ते तिला आत्ता समजलं. कापताना दुखत नाही.

"तुम्हाला वाचवायला माझे हात द्या म्हणता," ती म्हणाली.

"हात कुठे मागतोय मी? डोळे सांग, डोळे!"

"तेच."

ती उठून आत गेली. सून चुलीपाशी पाठमोरी उभी होती, हात पिठात. तिच्या पाठीवर काकूनं क्षणभर तळवा ठेवला आणि घागर घेऊन बाहेर पडली.

*

सकाळी शेडमध्ये साहेब आले, तेव्हा सगळी टोळी कामाची वाट बघत उभी होती. काकू पुढे झाली. तिनं साहेबांना वेगळं बोलायला बाजूला बोलावलं नाही.

"साहेब, माझे साठ कधीच व्हायचे नाहीत. सात हंगाम. तीस व्हायचे, शेवटी वीस. मला ते माहीत नव्हतं, काल कळलं. हात बघत होते ते खोटं आहे. हात चाचपडत होते."

तिनं डाव्या हाताची तीन बोटं वर धरली.

"पण जे तीस केले ते खरे केले. माझी गाठ एकेरी असते. दुहेरी गाठ असेल ते फेका. एकेरी असेल ते फेकू नका, त्याला बाप आहे."

"आणि दुहेरी कुणी बांधल्या?" साहेबांनी विचारलं.

तिनं नाव घेतलं नाही, नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात बियाण्याच्या पोत्यांची थप्पी होती, कालच बांधलेली. ती तिकडे गेली आणि एका पोत्याच्या तोंडाची गाठ अंगठ्यानं दाबून उभी राहिली. साहेबांनी जवळ येऊन बघितलं. मग मुकादमाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्या दिवशी त्याला बघायला टोपीची शिवण उरली नाही, कारण टोपी घरी विसरला होता.

मॅडमनी उरलेली पाकिटं काकूपुढे ठेवली. दोन दिवस ती आणि सून वेगळं करत बसल्या. एकशे नव्वद एकेरी निघाली. त्यांचे नंबर नोंदवहीत शोधता शोधता मॅडम एकदम उठल्या आणि काकूचा हात धरून तिला मागच्या पाट्यावर घेऊन गेल्या. तिथं नको असलेल्या ओळी लावत: आडव्यातिडव्या, एक बुटकी तर एक वेलासारखी, एकसारखेपणा नाही म्हणून बाजूला टाकलेल्या. बाकी केंद्र काड्यांचं झालं होतं. इथं सहा ओळी हिरव्यागार उभ्या होत्या, पानावर एक ठिपका नाही.

"सहाही एकेरी गाठीच्या, काकू. यांच्यात डोंगरी आहे. बेशिस्त म्हणून आम्हीच मागे टाकल्या."

काकूनं एका रोपाच्या शेंगेला हात लावला. भरलेली होती. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पायात काटा असताना चालावं तसा. तिला वाटलं, ही लेकरं सात वर्षं इथं होती, पाठीमागे, माझ्या चालण्याच्या वाटेपासून शंभर पावलांवर. आणि मी पुढच्यांचं कौतुक ऐकत होते.

साहेबांनी चिमटा परत दिला. साठाचा नियम तिच्यापुरता काढला; ते म्हणाले, जेवढी होतील तेवढी, पण खरी. मुकादमाला संकराच्या पाट्यावरून काढून गोदामात टाकलं, पोती शिवायला. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं त्याच्या, म्हणून घरी पाठवलं नाही.

*

रविवारी घरच्या शेतातला बावीस कापायला ते तिघं गेले. कापून तरी काय, गुरांनीही नाक मुरडावं अशा काड्या. पण रान मोकळं करायलाच हवं होतं. ऊन कोवळं होतं आणि जमीन कोरडी. विळ्याला काडी लागली की तांबूस धूर उडायचा, घशात बसायचा.

लग्न झाल्यापासून काकू आणि मुकादम एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी कापत. तो पुढे गेला तर थांबायचा, ती पुढे गेली तर थांबायची. आजही तो तिच्या शेजारी येऊन बसला. तो खोकला. तिनं पाण्याचा तांब्या सरकवला, तोंडाकडे न बघता.

"गोदामात पोरं हसतात मला," तो म्हणाला. "गाठ बांधायला लागलो की म्हणतात, मुकादम, एकच मारा, एकच."

ती कापत राहिली.

"तू बोलत नाहीस. नऊ दिवस झाले." त्यानं विळा जमिनीत रोवला. "तुझ्या चुकीचं सांग म्हणालो ते चुकलं माझं. भ्यालो मी. पण ते आधीचं... हजारो गाठी मारल्या असतील मी. सात वर्षं. शपथ घेऊन सांगतो, एकदासुद्धा तुला हसलो नाही."

तिचा विळा थांबला. मुठीत धरलेल्या काड्या तिनं हळूच खाली ठेवल्या. केवढ्यातरी वेळानं तिनं त्याच्याकडे नीट बघितलं; कपाळावरचा घाम, भुवईत अडकलेली विटकरी धूळ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हसला असतात तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली. "मला कळलं असतं."

मग ती उठली, पट्टा अर्धा टाकून सुनेच्या पलीकडच्या ओळीला गेली आणि तिथं बसून कापायला लागली.